एका बाजूनं आरसा

माझी नणंद वर्नेल ब्रेक्के चिडली की बोलत नाही, मशीन लावते. तळ्याकाठी तिची पत्र्याची शेड आहे आणि लोकांच्या बोटी घासूनपुसून चकचकीत करणं हा तिचा धंदा. शेडमधून पॉलिशच्या चाकाचा आवाज जितका चढा, तितकं तिचं डोकं तापलेलं, हे टॅमरॅक तळ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सकाळी आवाज इतका चढला होता की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच थरथरत होती. माझा नवरा ऑरिन, म्हणजे वर्नेलचा धाकटा भाऊ, कॉफीचा घोट घेत म्हणाला, "वर्नेलकडं काम जोरात चाललंय वाटतं."

ह्या माणसाच्या कानात देवानं काय बुचं बसवून पाठवलंय कोण जाणे.

मी ह्या तळ्यावरची नाही. पलीकडच्या गावातनं लग्न करून आले. आमच्या घरी भांडण झालं की भांडी आदळायची, दारं आपटायची आणि जेवायची वेळ होईपर्यंत सगळं मिटलेलं असायचं. ब्रेक्के लोक आवाज चढवत नाहीत. ते "ठीक आहे" म्हणतात, कॉफी ओततात आणि मग तेच "ठीक आहे" वर्षानुवर्षं छातीवर घेऊन फिरतात. मला सुरुवातीला वाटलं, किती सभ्य माणसं! सभ्य कसली, नुसती आतल्या आत धुमसणारी.

वर्नेलचं धुमसणं फार जुनं आहे. माझ्या सासऱ्यांनी, हॅल्वरनी, पहिली पाँटून बोट आणली तेव्हा ती शाळेत जायची. पाँटून म्हणजे काय, तर ॲल्युमिनियमची दोन लांबलचक पोकळ नळकांडी, त्यांच्यावर फळ्यांचा सपाट ओटा, वर खुर्च्या आणि छत. सासऱ्यांनी ऑरिनला मांडीवर घेतलं, सुकाणू त्याच्या हातात दिलं. वर्नेलच्या हातात फडकं दिलं. "पोरी, तू खालचं पूस," म्हणाले. हा किस्सा सासरे स्वतः हसत हसत सांगतात. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला आजपर्यंत समजलेलं नाही.

तर पोरगी बोटीखाली सरपटत गेली आणि पुसायला लागली. पुसता पुसता तिला समजलं, की हा करडा पत्रा नीट घासला तर त्यात आपला चेहरा दिसतो. झालं, तिथंच तिचं आयुष्य ठरलं. नुसतं घासून भागत नाही त्याला. तळ्याच्या पाण्यातली शेवाळाची दाढी आधी खरवडून काढायची. मग चुनखडीसारखा थर ॲसिडनं उतरवायचा, तोही जपून, नाहीतर पत्रा खडूसारखा पांढराफटक पडतो. मग पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. मग ते चाक. चाक फिरलं की काळा चिकट राप सुटतो आणि माणूस डोक्यापासून पायापर्यंत कोळशाच्या खाणीतनं आल्यासारखा दिसतो. शेवटी मक्याचं पीठ भुरभुरवायचं आणि जुन्या मऊ शर्टाच्या तुकड्यानं पुसायचं. तेव्हा कुठं आरसा. आणि हा आरसा बोट पाण्यात सोडली की निम्मा बुडतो, हिवाळ्यापर्यंत पार मंद होतो. पुढच्या वसंतात पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा तिला म्हटलं होतं, "अगं, कशासाठी एवढं?" ती म्हणाली, "दिसतं ना."

कुणाला दिसतं? सगळ्या तळ्याला दिसतं. शहरातले उन्हाळी पाहुणे हिच्यासाठी रांग लावतात. लग्न मोडलं, गुडघे गेले, बोटं वाकडी झाली, पण हिच्या हातची चमक दुसऱ्या कुणाला जमली नाही. फक्त हॅल्वर ब्रेक्केंना ते कधी दिसलं नाही. बापाची बोट ती दर वसंतात सगळ्यांच्या आधी करायची, आणि दर वसंतात सासरे धक्क्यावर उभे राहून म्हणायचे, "ऑरिन, बोट छान दिसतेय रे." ऑरिन हसायचा. बोट चालवायची सोडून त्यानं तिच्याखाली कधी वाकूनही बघितलेलं नाही.

आता सासरे थकले. पलीकडच्या काठावरच्या वृद्धाश्रमात असतात, चाकाच्या खुर्चीत. ईस्टरला आम्ही त्यांना घरी आणलं होतं. टेबलावर हॅम, सायीतले बटाटे, सगळं साग्रसंगीत. वर्नेल बटाट्याचं भांडं पुढं करत होती, तेवढ्यात सासरे म्हणाले, "ऑरिन, बोट आता तुझी. मी सगळ्यांसमोर सांगतोय."

वर्नेलकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं भांडं त्यांच्यापुढं नीट ठेवलं. मग ती म्हणाली, "ठीक आहे. बटाटे घ्या, पपा."

आणि माझा नवरा, देवा रे, माझा नवरा त्याच दमात म्हणतो, "वर्नेल, नेहमीसारखी बोट चकाचक करून देशील ना? चार जुलैच्या मिरवणुकीला?"

"बघू," ती म्हणाली.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सासऱ्यांना आश्रमात सोडून घरी आल्यावर मी ऑरिनला तोंडात येईल ते बोलले. तो म्हणाला, "तिला काही वाटलं असतं तर ती बोलली नसती का?" अशा माणसाला काय सांगणार?

तर त्या सकाळी, काच थरथरत असताना, मी तरातरा शेडमध्ये गेले. वर्नेलनं मशीन बंद केलं. चेहरा काळाकुट्ट, फक्त डोळे पांढरे. बोट चौकटीवर चढवलेली. उजवं नळकांडं असं झालेलं, की त्यात मी, माझा फाटका स्वेटर आणि मागचं दार, सगळं स्वच्छ दिसत होतं. मी वळसा घालून डावीकडं गेले. तिथं गेल्या वर्षीचं शेवाळ जसंच्या तसं, हिरवी दाढी लोंबतेय, वर पिवळट रेघ.

"हे कधी करणार?"

"नाही करणार."

"म्हणजे?"

"डेलोरिस, माझा हात एकाच बाजूला चालला. दुसरी ऑरिनची. बोट त्याची आहे ना?" ती फडक्यानं बोटं पुसत शांतपणे म्हणाली.

"अगं पण मिरवणुकीत काठ उजव्या हाताला असतो. पपांना हीच चमकती बाजू दिसणार. तुझा राग पाण्याकडच्या बाजूलाच राहील!"

"ही बाजू त्यांनी बघावीच. बघितल्यावर काय म्हणतात ते मला ऐकायचंय. मी त्यांच्या मागं उभी राहणार आहे." मग फडकं बाजूला टाकून, "एकदा माझं नाव घेतलं ना, तर मी त्याच संध्याकाळी दुसरी बाजू करायला घेईन."

"आणि नाही घेतलं तर?"

"आश्रमासमोर बोटी गोल फिरतात," ती म्हणाली आणि मशीन लावलं.

खरंच की. आमच्याकडची रीतच आहे ती. चार जुलैला, म्हणजे स्वातंत्र्यदिनी, सगळ्या बोटी झेंडे लावून तळ्याला फेरी मारतात आणि वृद्धाश्रमासमोर प्रत्येक बोट जागच्या जागी एक पूर्ण गिरकी घेते, भोंगा वाजवते. म्हाताऱ्यांना मानवंदना. गिरकी घेतली की दुसरी बाजू काठाला येणारच.

मी नवऱ्याला सांगितलं का? अजिबात नाही. का सांगू? वर्नेलनं बोट पाण्यात सोडली, चमकती बाजू धक्क्याला लावून बांधली, आणि ऑरिन त्याच बाजूनं टुणकन चढला. "वा!" म्हणाला. पलीकडं वाकून बघायला डोकं लागतं.

मिरवणुकीच्या दिवशी आश्रमाच्या हिरवळीवर सगळे म्हातारे खुर्च्या टाकून बसले होते. आम्ही सासऱ्यांना पुढं पाण्याजवळ आणून बसवलं. वर्नेल त्यांच्या खुर्चीमागं. नखांतला काळा राप तेवढा गेलेला नव्हता. बोटी येत होत्या, गिरक्या घेत होत्या, भोंगे वाजत होते. मग आमची आली. काय सांगू, ऊन त्या नळकांड्यावर पडलं आणि त्याचा कवडसा थेट काठावरच्या माणसांच्या चेहऱ्यांवर नाचायला लागला. माणसं डोळ्यांवर हात धरून "ओहो" करायला लागली. एक म्हातारी तर टाळ्या वाजवायला लागली. वर्नेल खाली वाकली होती, बापाच्या कानाजवळ, एका शब्दासाठी.

सासरे म्हणाले, "ऑरिननं बोट काय ठेवलीय बघा!"

मला राहवलं नाही. "पपा, ऑरिननं चिंधीसुद्धा हातात घेतलेली नाही! डोळे फुटलेत का तुमचे? ही तुमची मुलगी..."

"डेलोरिस, गप," वर्नेल म्हणाली. सरळ उभी राहिली.

ऑरिननं सुकाणू फिरवलं. बोट सावकाश वळली आणि दुसरी बाजू समोर आली. हिरवं, चिकट, लोंबणारं शेवाळ, गोगलगायी, पिवळी रेघ. टाळ्या थांबल्या. कुणीतरी खुदकन हसलं, मग दुसरं. ऑरिन मात्र टोपी उंचावून हात हलवतोय आणि भोंग्यावर भोंगा वाजवतोय.

सासऱ्यांची मान ताठ झाली. मग मागं न वळता, पूर्वी जेवणाच्या टेबलावर बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "वर्नेल! तू तुझं काम अर्धं सोडलंस? लाज नाही वाटली? सगळं तळं बघतंय."

म्हणजे ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं ह्या माणसाला, पहिल्या दिवसापासून. चमकलं की ऑरिनचं आणि घाण राहिली की वर्नेलचं. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पण मी तोंड उघडायच्या आत वर्नेल खुर्चीला वळसा घालून पुढं आली आणि बापाच्या समोर उभी राहिली, बोट झाकेल अशी. आणि मी त्या बाईचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला. सगळ्या हिरवळीनं ऐकला.

"माझं काम? आज माझं झालं? शाळेत असल्यापासून त्या बोटीखाली उताणी पडलेय मी, पपा! माझे गुडघे बघा, बोटं बघा! एकदा, एकदा तरी म्हणालात का, वर्नेल, छान झालंय? माझं काम होतं तर बोट माझी का नाही?"

"मला वाटलं," ते म्हणाले, "तुला काही हरकत नाही. तू ठीक आहे म्हणालीस."

"नव्हतं ठीक!" ती ओरडली. "कधीच ठीक नव्हतं!"

आश्रमातली परिचारिका धावत आली, म्हणाली जेवणाची वेळ झाली, आत न्यायला हवं. दर रविवारी त्यांची खुर्ची वर्नेलच ढकलत आत न्यायची. वर्नेलनं आपली उन्हाची टोपी काढली, बापाच्या डोक्यावर नीट घातली आणि परिचारिकेला म्हणाली, "त्यांचा मुलगा नेईल." मग ती गवतातनं चालत रस्त्याला लागली.

ऑरिनची फेरी संपायला अजून निम्मं तळं बाकी होतं. सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हाताची घडी घालून तिथंच उभी राहिले.