चोवीस वाजून दहा मिनिटं

मगदूम सर आज गेले. काल नव्हे, आज.

हा फरक मला सरांनीच शिकवला.

पेठ वडगावात मिरची कांडपाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर त्यांचा प्रोग्रॅमिंगचा क्लास. खाली मिरची पडली की वर आम्ही सगळे शिंकायचो. सर शिंकत शिंकत शिकवायचे.

मी पेपरच्या डेस्कवर अठरा वर्षं काढलेला माणूस. आवृत्ती बंद पडली, नोकरी गेली. पंचेचाळिशीत कॉलेजच्या पोरांशेजारी जाऊन बसलो. तीन महिन्यांनी कोल्हापुरातल्या एका कंपनीत टेस्टरच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्याच्या जागेसाठी परीक्षा होती. ती हुकली असती तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

पहिला स्वाध्याय, घड्याळाची वेळ. दिलेल्या वेळेत मिनिटं मिळवायची आणि नवी वेळ सांगायची. बस्स.

मी कोड लिहायला घेतला. सरांनी कीबोर्ड ओढून घेतला.

"पावणं, आधी टेस्ट. बरोबर उत्तर काय यायला पायजे ते आधी लिवा."

वीस टेस्ट लिहिल्या. मग कोड. वीसच्या वीस हिरव्या, म्हणजे पास.

"झालं, सर."

"झालं न्हाय. खुर्च्या बदला."

ही त्यांची पद्धत. शेवटच्या टेस्ट शेजाऱ्यानं लिहायच्या, तुमचा कोड न बघता.

माझी शेजारीण कोडोलीची स्नेहल, डिप्लोमाला होती. तिच्या तिसऱ्याच टेस्टला स्क्रीन लाल.

"काका, तेवीस पन्नासमध्ये वीस मिनिटं मिळवली तर तुमचं घड्याळ चोवीस दहा म्हणतंय की!"

"बरोबरच आहे," मी म्हणालो.

माझ्या टेस्टमध्येही तेच होतं. पेपरच्या डेस्कवर आमचा दिवस शेवटचं पान छपाईला सुटल्यावर संपायचा. रात्रीचा एक वाजला तरी आमच्या डोक्यात आजच.

सर हसता हसता शिंकले.

"चूक तुमच्या डोक्यात. त्याच डोक्यानं टेस्ट लिवली, त्याच डोक्यानं कोड. हिरवं येणारच की! शून्य दहा, पावणं. दिवस बदलला."

कंपनीच्या परीक्षेत दुसऱ्याचा कोड तपासायला दिला होता. पार्सलची गाडी किती वाजता पोचेल ते सांगणारा. मी पहिलीच टेस्ट मध्यरात्र ओलांडणारी लिहिली.

कोड तिथंच कोसळला. जागा मला मिळाली.

बाहेर येऊन सरांना फोन लावला. "सर, लागलो!"

"पत्र हातात हाय? दुसऱ्या कुणाकडनं तरी वाचून घ्या."

आज माझ्या हाताखाली सहा जण आहेत. रोज खुर्च्या बदलतात. कुरकुरतात, पण बदलतात.

ही पोस्टही टाकण्याआधी स्नेहलला पाठवली. पहिली ओळ होती, "मगदूम सर काल गेले."

तिचं उत्तर लगेच आलं.

"काका, सर रात्री बारा चाळीसला गेले. शून्य चाळीस. पहिली ओळ लाल."

ओळ बदलली.

सर, खुर्ची बदलून तपासून घेतलंय. आता निवांत जावा.

मनापासून नमस्कार.