काकू, चूक त्या लाइनवर नाही

काकू आज पुन्हा म्हणाल्या, "मीच मारलं माझ्या पोराला."

अमोलला जाऊन आज वर्ष झालं. सकाळी कुळगावला त्याच्या घरी गेले होते. कॅम्प तीनला माझ्या घरी परत आल्यापासून जिवाला स्वस्थता नाही. चहा ठेवला, तोही उतू घालवला. शेवटी इथे लिहायला बसले.

त्या दिवशी तो कामाला निघाला, बाइकवर बसलासुद्धा. डबा ओट्यावरच राहिला म्हणून काकूंनी खिडकीतून हाक मारली. तो वर आला, डबा घेतला, निघाला.

मोरिवलीच्या अलीकडे उलट्या बाजूने टेम्पो आला.

काकूंच्या डोक्यात टेम्पो नाहीच. फक्त ती हाक.

"निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये गं. माहीत होतं मला. तरी मारली."

हे ऐकलं की संताप येतो नुसता.

अमोल आणि मी मोरिवलीच्या एका कारखान्यात शेजारी बसायचो. ड्रमवरची लेबलं छापायची पायथन स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, आमच्याकडे. त्यातला वजन तपासायचा तुकडा, म्हणजे फंक्शन, माझं.

रोज स्क्रिप्ट बंद पडायची आणि स्क्रीनवर एवढंच यायचं: एरर, आणि माझ्या फंक्शनची लाइन.

डिस्पॅचवाले बोंबलायचे, "मॅडम, आपका फिर अटक गया!"

सर म्हणाले, "हे थांबलं नाही तर मी दुसरा माणूस बघतो." मी रडकुंडीला आले.

अमोल म्हणाला, "ए रडूबाई, तुझी लाइन नुसती ओरडतेय. तिला चुकीचं वजन पाठवलं कोणी, ते बघू ना."

पूर्वी कुणीतरी अतिशहाणपणा करून, एरर आली की फक्त शेवटची लाइन छापायची सोय केली होती. अमोलने ती उडवली. आता कुठल्या फाइलने, कुठल्या लाइनवरून पाठवलं, अख्खी साखळी दिसणार होती.

दुसऱ्या दिवशी परत अडकलं. साखळीच्या मुळाशी फाइल कुणाची?

अमोलची! एक्सेलमधला वजनाचा रिकामा रकाना तो तसाच पुढे ढकलत होता.

दुसरा कोणी गुपचूप दुरुस्त करून मोकळा झाला असता. हा पठ्ठ्या सगळ्यांसमोर उभा राहिला.

"सर, चोर सापडला. मीच. हिला उगाच झापत होतात तुम्ही."

माझी नोकरी वाचली. बोलणी त्याने खाल्ली, आणि वर वडापाव माझ्याकडून उकळला. नालायक!

आज काकूंना हे सगळं सांगितलं. म्हटलं, "तुम्हाला फक्त तुमचीच लाइन दिसतेय, काकू. चूक तिथे नाही. तो टेम्पोवाला उलटा आला."

त्या "हो गं" म्हणाल्या. पटलं नव्हतं.

मी निघाले. गेटपाशी पोचले तर मागे धापा ऐकू आल्या.

काकू! अनवाणी, जिने उतरून धावत आलेल्या. हातात माझा विसरलेला मोबाइल.

"अहो, हाक मारायची ना!"

"नको गं बाई."

वर्षभर त्यांनी निघालेल्या कुणालाही हाक मारलेली नाही. काका चष्मा विसरले तरी दुखऱ्या गुडघ्यांनी अशाच मागे धावतात. मला तिथेच रडू फुटलं.

रविवारी पुन्हा जाणार आहे. मुद्दाम डबा विसरणार आहे. खाली उभी राहीन आणि खिडकीतून हाक आल्याशिवाय हलणार नाही.

मग वर जाऊन डबा घेईन, आणि घरी धडधाकट पोचून काकूंना फोन करेन.

अमोल, तुझ्या आईची चूक नव्हती रे. हे तिला उभं राहून सांगायला तूच हवा होतास.

निवांत राहा. काकूंकडे मी बघते.