खिशातली पहिली ओळ

गल्लीत त्यांना सगळे मुद्देसर म्हणत. परदेशी शिकायला, नोकरीला निघालेल्यांना इंग्रजी निबंध लिहायला शिकवणं हा त्यांचा धंदा, आणि "मुद्दा पहिल्या ओळीत, पुरावा दुसऱ्या!" ही त्यांची आरोळी. आपला माणूस सुट्टीचा अर्जसुद्धा ख्यालीखुशालीपासून सुरू करतो, आणि तिकडच्या परीक्षकाला तेवढा धीर नसतो, हे ते बावीस वर्षं घसा फोडून सांगत होते. दूधवालासुद्धा त्यांना पाहून ओरडायचा, "उद्या दूध नाही! कारणं नंतर!"

असा हा माणूस तीन आठवडे खिशात एक कागद घेऊन फिरत होता आणि पहिली ओळ काही तोंडातून फुटत नव्हती. कागद आईच्या डोळ्यांचा होता. सहा महिन्यांत नजर पूर्ण जाईल, उपाय नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं. आईचा एकच धोशा : "धाकटीकडे कधी नेतोस? तान्ह्या नातीचं तोंड बघायचंय मला." सर म्हणत, "थंडी सरू दे," आणि येरझाऱ्या घालू लागत. खिसा चाचपत, चष्मा पुसत, पुन्हा खिसा चाचपत.

क्लास घरातल्याच पुढच्या खोलीत भरायचा. पडद्यापलीकडे आई मटार सोलत बसायची. त्या दिवशी निबंधाचा विषय होता, 'आजाऱ्याला खरं सांगावं का?' विषय सरांनीच महिन्यापूर्वी नेमलेला. आता ते स्वतःलाच शिव्या देत होते.

सोमवारी परीक्षा असलेल्या नर्सबाईंनी वही पुढे केली.

"चार पानं भरलीत, पण तुमचं मत कुठाय?"

"डॉक्टरांचं आहे, नातेवाइकांचं आहे, तुमचंही आहे. एवढ्या मोठ्यांनी सांगितल्यावर मी कोण, सर?"

"माझं? मी कधी दिलं?"

"गेल्या आठवड्यात. योग्य वेळ बघून सांगावं, म्हणालात."

सर खिडकीपर्यंत जाऊन परत आले. "मग खोडून काढा ते! तिकडे मास्तरांचं मत खोडलं की मार्क वाढतात."

"रागावणार नाही ना?" नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं. "ती योग्य वेळ ना सर, सांगणाऱ्याच्या सोयीची असते. आमच्या वॉर्डात एक आजोबा होते. मुलीकडे जायचं म्हणून पिशवी भरून खाटेखाली ठेवलेली. घरचे म्हणायचे, बरे झालात की जा. बरे होणार नाहीत हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक. पिशवी शेवटी मीच बाहेर काढली."

सरांच्या हातातला खडू मोडला. पलीकडे मटार सोलायचा आवाज थांबला होता.

"हेच लिहा. पहिल्या ओळीत," ते कसेबसे म्हणाले आणि अर्धा तास आधीच क्लास सोडून मोकळे झाले.

आत गेले. "आई, आज हवा जरा..."

"हवा मला कळतेय. बावीस वर्षं पडद्याआडून ऐकतेय तुझं. पहिली ओळ?"

"तुझी नजर जाणार आहे. सहा महिन्यांत."

आईने परातीतल्या दाण्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "पुरावा?"

सरांनी कागद काढला. घड्या पडून तो चार ठिकाणी विरला होता. एकेक ओळ मराठीत सांगत त्यांनी तो वाचला.

"तारीख गाळलीस."

सरांनी तारीख वाचली.

"तीन आठवडे? अरे गाढवा, एवढ्यात पोरगी कुशीवर वळायला लागली असेल!"

मुद्देसर तसेच चप्पल अडकवून स्टेशनकडे धावले. तासाभराने धापा टाकत परतले.

"उद्या सकाळी आठची मिळाली."

आई पिशवी भरून दाराशी बसली होती. चष्मा लावून, पदर खोचून.

"आज नाही का एखादी?" तिने विचारलं.