माईकवर न आलेलं नाव

मंडळी, आज मुलुंडमध्ये दारोदार फिरून आमच्या लकी ड्रॉची कुपनं परत घेतली. आमची छोटी संस्था अभ्यासिका चालवते, तिच्यासाठी दरवर्षी हा ड्रॉ असायचा. यंदा एका वकील मेंबरने सांगितलं, काम कितीही चांगलं असो, परवानगीशिवाय अशी सोडत काढणं गुन्हा आहे. झालं, ड्रॉ रद्द.

सगळ्यांनी मुकाट्याने कुपनं दिली. राणे काकूंनी मात्र मूठ उघडलीच नाही.

माझ्या यादीत त्या कुपनापुढे राणे काकांचं नाव होतं. काका जाऊन सहा वर्षं झाली.

"काकू, काकांच्या नावाने?"

"दरवर्षी त्यांच्याच नावाने घेते रे. सरकारी घराच्या लॉटरीत जन्मभर फॉर्म भरले, कधी नाव निघालं नाही. माका एकदा तरी हेंचा नाव माईकवर आयकूचा होता."



नियम बरोबरच आहे. चिठ्ठीवर एक नाव असताना दुसरंच वाचणारे असतात, म्हणून तर तो केलाय. पण यार, सहा वर्षं सोडतीची नावं वाचायचा तो माईक माझ्याच हातात होता. एकदा मी खोटं वाचलं असतं, तर तुम्ही मला माफ केलं असतं ना?