भूमच्या बागेत डायनासोर की झोका?

वसतिगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर बसून सुशीला माझ्या केसांना तेल लावायची आणि मी तिला इंग्रजी निबंध सांगायचे. सोलापूरच्या कॉन्व्हेंटमधले आमचे सगळे रविवार असेच गेले. सिस्टरकडे काही मागायचं असलं की ती मला पुढं ढकलायची. "तू बोल. तुझं ऐकतात."

संक्रांतीनंतर भूमहून तिचा फोन आला, तेव्हाही तेच वाक्य. गावातल्या बागेत कला आणि करमणुकीसाठी काय करावं, यावर लोकांच्या कल्पना मागवल्या होत्या. रविवारी बागेतच सभा होती आणि जुना कडुलिंब तोडून तिथं सिमेंटचा डायनासोर बसवायचं जवळजवळ ठरलं होतं. सुशीलाला लिंब वाचवायचा होता आणि त्याला मोठ्या बायकांसाठी झोका हवा होता. "लेकरांच्या झोक्यावर बसले की रखवालदार शिट्टी मारतोय," ती म्हणाली. मी पिशवी भरली.

पुण्याहून मी बार्शीपर्यंत एसटीनं गेले आणि तिथं गाडी बदलली. बायकांना अर्धं तिकीट असल्यानं गाडीत पुरुष पाहुण्यांसारखे अंग चोरून बसले होते. बार्शीनंतर दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. पाठदुखी असेल तर मागची सीट टाळा.

शेजारणीनं विचारलं, "कुणाकडं निघालाव?"

"मैत्रिणीकडं. बागेत झोका बांधायचाय."

"पुण्याहून? तिकडं झोकं न्हायत का?"

भूमला उतरल्यावर पहिलं काम खव्याचे पेढे घेणं. चव बघायला देतात. मी तीन दुकानांत चव बघितली. सुशीलाकडं भाकरी, शेंगाची चटणी आणि भाषणाची तयारी.

सभेचे अध्यक्ष तात्या, सिमेंटचे व्यापारी. डायनासोर तेच देणार होते आणि त्याच्या पोटावर मोठ्या अक्षरांत 'कै. अण्णांच्या स्मरणार्थ' लिहिणार होते. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. आपल्याकडं बाकडं दिलं तरी त्यावर वडिलांचं नाव येतं, त्यामुळं कुणाला काही वावगं वाटलं नाही. बाकीच्या कल्पनाही जोरात होत्या. एकाला बदामाच्या आकाराचा सेल्फी पॉइंट हवा होता, दुसऱ्याला रंगीत कारंजं.

"नळाला पाणी न्हाय अन् कारंजं कशाला?" मागून कुणीतरी ओरडलं.

मग मी उठले. सार्वजनिक कला, सामूहिक स्मृती, मोकळा अवकाश यांवर मनापासून बोलले. एका गृहस्थानं हात वर केला, "बाई, म्हंजे रांगोळी का?"

सुशीलानं माझा पदर ओढून मला बसवलं. तिची खरी तयारी वेगळीच होती. सभेला बायका येत नाहीत, हळदीकुंकवाला येतात. म्हणून तिनं त्याच वेळी, त्याच लिंबाखाली हळदीकुंकू ठेवलं होतं. ती स्वतः विधवा. निरोप धाडताना तिनं "सगळ्याजणी या, नवरा असो नसो" असं बजावलं होतं. हां हां म्हणता बाग भरली. बाप्यांच्या खुर्च्या मागं सरकल्या आणि तात्यांच्या हातात कुणीतरी तिळगुळाचं ताट दिलं.

तेवढ्यात तात्यांच्या आई आल्या. अण्णा गेल्यापासून त्या हळदीकुंकवाला गेल्याच नव्हत्या. सुशीलानं त्यांना कुंकू लावलं. मग त्यांचं लक्ष भिंतीवरच्या डायनासोरच्या चित्राकडं गेलं.

"ही पाल कशाला रं?"

"आई, ते अण्णांच्या नावानं..."

"बापाचं नाव पालीच्या पोटावर?" बायका पदरात हसायला लागल्या. "माझ्या पहिल्या पंचमीला तुझ्या आजीनं मला माहेरी धाडलं न्हाय. लई रडले. तवा ह्याच लिंबाला तुझ्या बापानं झोका बांधला. अन् तू लिंब तोडतूस व्हय?"

तात्यांनी ताट खाली ठेवलं. "मला कुठं ठावं होतं, आई?"

लिंब राहिला. डायनासोर लहान होऊन फाटकाजवळ जाणार आहे, बिननावाचा. झोक्याच्या फळीवर अण्णांचं नाव टाकू, असं तात्या म्हणाले, तर आई कडाडल्या, "नवऱ्याच्या नावावर बसू का म्या?" पंचमीपर्यंत थांबायलाही त्या तयार नाहीत.

घरी येऊन आठवडा झाला. माझ्या भाषणातलं एकही वाक्य मला आठवत नाही. तात्यांच्या आईंचा तो आवाज मात्र कानात आहे. माझी भाची शनिवारी भूमला निघाली आहे, म्हणून तिच्यासाठी इथंच लिहून ठेवते. जाड दोर सुशीलाला दे. गाठ तीच मारेल. दुपट्याची घडी फळीवर घालायला. रखवालदाराला पेढे दे आणि शिट्टी मागून घे. मी करून घेतलेली अण्णांच्या नावाची पाटी तात्यांना दे, वर फांदीला टांगायला सांग. आणि पहिला झोका आईंना. "मला नगं" म्हणतील. तरी त्यांनाच.