ओरगडमच्या फाटकावरचे काका

हाती नोकरी नसताना मी चेन्नईला आलो, तेव्हा ओरगडमच्या एका कारखान्याच्या फाटकाबाहेर ते रोज दिसायचे. भरतीसाठी उभी राहणारी आम्ही सगळी पोरं विशीतली. ते एकटेच पन्नाशीचे. केसांना कलप लावलेला. सकाळच्या उन्हातच घामाबरोबर तो काळा रंग कानामागून कॉलरवर उतरायचा आणि ते रुमालानं पुसत राहायचे.

माझं मराठी ऐकून ते जवळ आले. चिंचवडकडचे फिटर. कंपनी बंद पडली, तसे बायकोला माहेरी ठेवून एका ओळखीच्या माणसाच्या शब्दावर इथं आले होते. तो माणूस आता फोन उचलत नव्हता.

"काका, तमिळ येतं का?" मी विचारलं.

"'वेलै इल्लै' एवढं येतं. काम नाही. ते कुणाला विचारावं लागलं नाही."

एका सकाळी रखवालदारानं मला आत बोलावलं. काकाही मागोमाग निघाले, तर त्यानं हात आडवा धरला. माझ्याकडे बोट दाखवून त्यांना विचारलं, "अप्पा?"

मागची पोरं हसली. मी नाही म्हणणार, तोच काकांनी होकारार्थी मान हलवली.

"बाप समजतोय, समजू दे," ते मला हळूच म्हणाले. "तू जा."

मला काम मिळालं. संध्याकाळी बाहेर आलो, तर ते नव्हते. नंतरही कधी आले नाहीत. ज्या फाटकावर ते माझे वडील ठरले, तिथं उमेदवार म्हणून पुन्हा उभं राहणं त्यांना शक्यच नव्हतं.