कादंबरीतला बाप

नवं पुस्तक उघडलं की बांधणीच्या डिंकाचा वास येतो, आणि मला जऊळक्याची माझी चुलत बहीण आठवते. आमच्या अख्ख्या खानदानात पदवी घेतलेली मी पहिली, त्यामुळे पुस्तकांवर बोलायचा हक्क आपलाच, असं मला वाटायचं. नव्या प्रेमकथांतल्या मुली घरच्यांनी ठरवलेल्या लग्नाला तोंडावर नाही म्हणतात, हे मला फार आवडे. तशीच एक कादंबरी मी तिला दिली. अंगणात उकडलेली हळद वाळत होती, त्या पिवळ्या वासात बसून तिनं ती चार दिवसांत संपवली. "ताई, यातला बाप त दोन पानांत मानते. माह्ये बाबा मानतीन काय?" मी ऐटीत म्हणाले, "काहून नाही? बोलून त पाह्य." पुढच्याच आठवड्यात पाहुणे तिला पाहायला आले. पोह्यांच्या बशा हातात असतानाच ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मले हे लग्न नाही करायचं." काकांनी आवाजही चढवला नाही. "पोरगी मस्करी करून राह्यली," म्हणाले. पाहुणे खो खो हसले आणि त्याच बैठकीत तिला कुंकू लावून लग्न पक्कं झालं. पुस्तक परत देताना ती एवढंच बोलली, "ताई, तुह्या पुस्तकातले पाव्हणे हसले नव्हते व." हल्लीच्या प्रेमकथा मी अजूनही वाचते. त्यांतल्या मुली अगदी खऱ्या असतात, आपल्या घरातल्या वाटाव्यात अशा. बाप मात्र शेवटी विरघळतो. तिथं मी पुस्तक मिटते, आणि कुणी मागितलं तरी देत नाही.